न विचारता लिहिलेलं शून्य

बारामतीतल्या भाड्याच्या खोलीत बसून मी कर्नेलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातल्या कोडमधल्या बारीकसारीक चुका दुरुस्त करतो. कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा कंपायलर इशारा देतो, की या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे माहिती ठेवायच्या कप्प्यात, काही भरायच्या आधीच ते वाचलं जातंय. खरं तर अशा वेळी कोडच्या सगळ्या वाटा तपासायला हव्यात. सोपा मार्ग म्हणजे सुरुवातीलाच त्यात शून्य टाकायचं. इशारा गप्प होतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. असे कितीतरी इशारे मी गप्प केले होते.

एकदा माझी दुरुस्ती परत आली. तपासणाऱ्याने लिहिलं होतं, "इथे शून्याचा अर्थ 'सगळं ठीक' असा होतो. यंत्राला एकदाही न विचारता तुम्ही ते ठीक असल्याचं कळवताय." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तावातावाने उत्तर लिहीत होतो, तेवढ्यात नाशिकला दिलेल्या ताईचा फोन आला.

"आई कशी हाय?"

"बरी हाय," मी म्हणालो, रोजच्यासारखंच.

आई पळसदेवला एकटी राहते. तिला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून दर रविवारी मी जाऊन यायचं आणि ताईला कळवायचं असं ठरलेलं. फोन ठेवला आणि नजर पुन्हा तपासणाऱ्याच्या त्याच ओळीवर गेली. तीन रविवार मी गेलोच नव्हतो. मला माझीच लाज वाटली. उत्तर तसंच टाकून एसटी धरली.

आई दारात मासे साफ करत बसली होती, मान वाकडी करून, बोटांनी चाचपत. मी डावीकडून जवळ गेलो तरी तिला कळलं नाही.

"डाव्या डोळ्यानं दिसंना झालंय," ती म्हणाली. "झालं की पंधरा दिस."

"मग कुणाकडनं निरोप का न्हाय धाडलास?"

"म्हटलं, रविवारी तू येशीलच."

बारामतीच्या डॉक्टरांनी डोळ्याचा पडदा सुटल्याचं सांगितलं. लगेच आणलं असतं तर बरंच वाचलं असतं, आता ऑपरेशन करूनही पूर्ण दिसणार नाही, म्हणाले.

आई आत होती तेव्हा बाहेरच्या बाकावर ती दुरुस्ती मी नव्याने लिहिली. यंत्राला विचारलंच नसेल, तर तसंच कळवायचं. चार ओळींचं काम होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"आई कशी हाय?"

या वेळी मी सगळं सांगितलं.

ताई म्हणाली, "तू मला रोज काय सांगत हुतास?"