नावं टाकायला दारव्ह्याला

"तुमच्यात हे नसन," असं म्हणत समोरचे भाऊ माझ्या स्क्रीनवर नखानं टकटक करायचे. चहा माझा, खुर्ची माझी, आणि वरून हे! असा संताप यायचा की काय सांगू.

दिग्रसला स्टँडजवळ आमच्या दोघांचे फोटो स्टुडिओ, अगदी समोरासमोर. लग्नाचे अल्बम बनवायचं सॉफ्टवेअरही दोघांकडे एकच. माझं विंडोजवर चालायचं, भाऊंचं मॅकवर, एवढाच काय तो फरक. पण त्यांच्यात एक बटण होतं. ते दाबलं की नवरी मागच्या मंडपातून अलगद सुटी व्हायची, कानामागच्या बटेसकट. माझ्यात ते बटणच नव्हतं. मी माउसनं एकेक केस कोरत बसायचो, तरी नवरी जावळ काढल्यासारखी दिसायची.

गिऱ्हाइकं तिकडे वळली. तुमचं दुकान असेल तर तुम्हाला कळेल, ओळखीचा माणूस नजर चुकवून समोरच्या पायऱ्या चढतो तेव्हा कसं वाटतं ते. "त्यांचे रंग लाल मारतात," असं मी चार लोकांना सांगितलंही. साफ खोटं होतं ते.

माझा प्रिंटर अडला की भाऊ न बोलावता येऊन, गळ्यातल्या दुपट्ट्यानं हात पुसत तो सुरू करून द्यायचे. "झालं. घ्या." त्याचाही मला रागच यायचा.

एक गोष्ट मात्र कळत नव्हती. दर दोन दिवसांनी हा माणूस दारव्ह्याच्या बसमध्ये कशाला बसतो? एकदा कामानं तिकडे गेलो, तर तिथला टायपिंगवाला म्हणाला, "तुमच्या गावचे भाऊ अल्बमात नावं टाकाले येतेत ना माह्याकडे. त्याईच्यात मराठीची सोयच नाही."

आमच्याकडे अल्बमात प्रत्येक फोटोखाली नाव लागतं. फुफाजींचं, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचं, राहिलं तर वर्षभर रुसवा. माझ्या विंडोजवाल्यात मराठी होती, वीस पावलांवर. पण माझ्याकडे यायचं तर आपल्यातही काहीतरी नाही हे त्यांना कबूल करावं लागलं असतं. मला काय आनंद झाला! कोणाला बोललो नाही. एकटाच चघळत राहिलो.

मग एक दिवस, भर उन्हात, भाऊ आले. हातात पेन ड्राइव्ह. चहा नको म्हणाले.

"दारव्ह्याची गाडी नाही आज. एवढी नावं टाकून द्या न. माह्या पोरीचा अल्बम हाय."

किती वर्षं याच क्षणाची वाट पाहिली होती मी! आणि तोंडातून निघालं, "सॉफ्टवेअरच बंद पडलंय, भाऊ."

माझ्या पाठीमागे स्क्रीनवर तेच उघडं होतं. भाऊंनी ते पाहिलं. "बरं," म्हणाले, आणि गेले. त्यानंतर चहाला आले नाहीत. दिवाळीनंतर दुकान आवरून ते उमरखेडला मोठ्या मुलाकडे राहायला गेले.

परवा त्यांची लेक आली. अल्बम घेऊन. फोटोंखालच्या जागा अजून कोऱ्याच होत्या.

"काका, एवढी नावं छापून द्या. बाबा म्हणे, गावातच काम होते तं बाहेर कायले न्यायचं."

सोबत भाऊंच्या अक्षरातली यादी, घड्या पडून मऊ झालेली. मी टाइप करत गेलो. आजोबा, मामा, मावशी, फुफाजी. मग 'काका' असं लिहून पुढे माझं आणि माझ्या बायकोचं नाव. फोटोत आम्ही दोघं नवरीच्या शेजारी उभे होतो.

"यादी नवी केली का?" मी विचारलं.

"नाही, तवाचीच हाय. बाबा घेऊन आलते न तुमच्याकडे. पण त्या दिवशी तुमच्या दुकानात लय गर्दी होती म्हणे."

मी मान हलवली. "हो," म्हणालो, "लय गर्दी होती."