झिपऱ्याचा कळप

माझा भाचा निखिल याचा फोन सकाळीच आला. "आत्या, बाबा गेले... झोपेतच." मग म्हणाला, "आणि झिपऱ्या कुणालाच खोलीबाहेर जाऊ देत नाहीये." मी सदाशिव पेठेतल्या फ्लॅटवर पोचले तेव्हा वहिनी, निखिल आणि सूनबाई अण्णांच्या कॉटभोवती होते आणि कुत्रा दारात आडवा. मला मात्र त्याने लगेच आत घेतलं. या गोष्टीला आता महिना उलटून गेला.

माझे थोरले बंधू अण्णा माणूसघाणे म्हणूनच प्रसिद्ध. निवृत्तीनंतर तर ताट आपल्या खोलीत नेऊन, दार लोटून, पेपर वाचत जेवायचे. वहिनी स्वयंपाकघरात, निखिल आणि सूनबाई हिंजवडीहून येतील तेव्हा. एका घरात तीन खाणावळी होत्या. अशात निखिलने एक पिल्लू आणलं, ओल्ड इंग्लिश शीपडॉग. डोळ्यांवर केस, पोटाखाली केस. पुढची बाजू कुठली ते चालायला लागल्यावर कळायचं. निखिलने ठेवलेलं नाव ऑस्कर. अण्णा त्याला बघून "झिपऱ्या" म्हणाले आणि तेच चिकटलं.

ही जात विलायतेतली, मेंढरं-गुरं बाजारापर्यंत हाकत नेणारी. स्वभाव प्रेमळ, पण कळप विखुरलेला खपत नाही. आमच्याकडे मेंढरं नव्हती, म्हणून त्याने माणसं गोळा केली. रात्रीच्या जेवणाला अण्णांचं दार डोक्याने ढकलायचा, त्यांच्या पोटरीला नाक लावून रेटत टेबलापर्यंत आणायचा... सगळे बसल्याशिवाय स्वतः टेकायचा नाही.

"मी काय मेंढी आहे?" अण्णा पहिल्या दिवशी चिडले.

"त्याची तशी समजूत दिसते खरी," वहिनी म्हणाल्या.

अण्णा हसले, आणि बसले. मग रोजच बसू लागले.

त्याचे केस विंचरायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. दर रविवारी खिडकीजवळ, एकेक बट उचलून, पार कातडीपर्यंत. वरवर ब्रश फिरवला तर आत गुंत्याची गादी होते, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. उन्हाळ्यात शेजारच्या काकू कळवळल्या, "अहो, भादरून टाका की त्याला. किती उकडत असेल."

"ऊन लागतं म्हणून आपण घराचं छप्पर काढतो का?" अण्णा म्हणाले. फिरायला मात्र ते त्याला ऊन चढायच्या आत नेत, आणि दुपारी पंख्याखालची गार फरशी त्याला देऊन स्वतः कोपऱ्यात सरकत.

अण्णा गेल्यावर मी वहिनींच्या सोबतीला तिथेच राहिले. झिपऱ्या आम्हाला टेबलाशी आणायचा, एकेकाकडे बघायचा आणि अण्णांच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. पुन्हा टेबल, पुन्हा दार. त्याचं जेवण तसंच पडून. केसांमुळे दिसत नव्हतं, पण हाताला बरगड्या लागायला लागल्या होत्या. हाही जातो की काय, या भीतीने वहिनींना झोप येईना. "याला कोण समजावणार?" त्या म्हणायच्या.

गेल्या रविवारी त्यांनी ताटं उचलली. "चला, आज तिकडे."

आम्ही अण्णांच्या खोलीत फरशीवर बसलो. खिडकीत ब्रश तसाच होता, पांढऱ्या केसांसकट. झिपऱ्याने प्रत्येकाला नाक लावलं, कॉटलाही लावलं... एक फेरी मारली आणि पंख्याखाली टेकला. थोड्या वेळाने वहिनींच्या हातून दहीभात खाल्ला. अण्णांची शेवटची वर्षं आम्हाला मिळाली ती याच्यामुळे. हे उपकार मी विसरणार नाही.

आता सगळे तिथेच जेवतात. दार कुणी लोटत नाही.