काशाची वाटी आणि डावा तळपाय

सासूबाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आयर्लंडला, एनिस गावी आल्या, तेव्हा माझ्या बाथरूमच्या प्रेसमध्ये अकरा बाटल्या होत्या. प्रेस म्हणजे इथल्या लोकांचं कपाट; इतक्या वर्षांत माझ्याही तोंडी तोच शब्द बसलाय. बाटल्या मी नाही मोजल्या, त्यांनी मोजल्या. चार सकाळच्या, पाच संध्याकाळच्या आणि दोन कशासाठी आणल्या ते मलाच आठवत नव्हतं. मी बावन्न वर्षांची. जवळच्या शॅनन गावातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, टीममधली सगळी पोरं तिशीच्या आतली. गळ्यावर पहिली आडवी रेघ दिसली त्या दिवसापासून मी चेहऱ्याच्या मागे लागले ते लागलेच. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं आरशासमोर. नवरा म्हणायचा, लग्नातसुद्धा तू तयार व्हायला एवढा वेळ घेतला नव्हतास.

सासूबाई चौऱ्याहत्तरच्या. सासरे गेल्यापासून सांगलीला एकट्याच राहतात. खोटं कशाला बोलू, त्यांच्या कातडीचा मला हेवा वाटायचा. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या होत्या, पण हात, मान, गाल कसे मऊ आणि तुकतुकीत. त्यांचं सगळं प्रसाधन एका स्टीलच्या डब्यात मावायचं. आंघोळीआधी अंगाला तिळाचं तेल, पाणी कोमट, तोंडाला साबण नाही, टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. आणि संध्याकाळचा चहा झाला की तळपायांना तूप लावून ते काशाच्या वाटीनं घासायचे. तूप त्यांनी इथल्या लोण्याचं कढवलं. ते पिवळंजर्द लोणी बघून त्या आयर्लंडवर पहिल्यांदा खूश झाल्या. तोवर त्यांना इथलं काहीच पटलेलं नव्हतं.

काशाच्या वाटीनं तूप घासलं की तळवा काळा पडतो. अंगातली उष्णता निघाली, असं आपल्याकडे म्हणतात. मी म्हणायचे, आई, ती धातूची आणि तुपाची करामत आहे, टेबलावर घासलंत तर टेबलही काळं होईल. त्यावर त्या शांतपणे म्हणायच्या, होईल की, पण टेबलाला कुठं झोपेची गरज आहे?

हा टोला मला होता. त्या दिवसांत मला धड झोप लागत नव्हती. अंगातून एकदम वाफा निघायच्या. ऐन ऑक्टोबरात मी हीटिंग बंद करून खिडक्या उघडायचे आणि नवरा घरात जाकीट घालून बसायचा. सासूबाई म्हणाल्या, मी घासते तुझे पाय, आठ दिवसांत फरक पडेल. मी साफ नाही म्हटलं. ऑफिसातल्या मोठ्या मीटिंगच्या सकाळी मी ज्यांच्या पाया पडून घराबाहेर पडते, त्यांनी माझे तळवे हातात घ्यायचे? एरवी मी पाप-बिप काही मानत नाही, पण हे मात्र मानत होते. शेवटी त्यांनी वाटी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, मग तुझं तू घास.

घासलं. सोफ्यावर बसून, एक डोळा फोनवर ठेवून, पाच मिनिटं घासायचं आणि टिश्यूनं पुसून टाकायचं. झोप लागायला लागली, हे मी त्यांना मुद्दामच सांगितलं नाही.

टिश्यूनं पुसलेला पाय काही पूर्ण स्वच्छ होत नाही. बोटांच्या बेचक्यांत, टाचेच्या भेगांत काजळी राहतेच. तसाच डाव्या तळपायाच्या मध्यावर एक ठिपका राहायचा, मसुराच्या दाण्याएवढा. तो मला दिसला होता, हे इथं कबूल करायलाच हवं. दोन-तीनदा दिसला. दर वेळी मी मनात म्हटलं, वाटीचा काळेपणा, उद्या नीट धुवू. रोज चाळीस मिनिटं चेहऱ्याला देणाऱ्या बाईला तळपायावर साबण फिरवायला एक मिनिट मिळालं नाही.

मग एका शनिवारी गाडीतून तांदळाची वीस किलोची गोणी उचलायला गेले आणि कंबर धरली. वाकता येईना, मोजेसुद्धा नवरा घालून द्यायचा. संध्याकाळी चहाचे कप विसळून सासूबाई तूप आणि काशाची वाटी घेऊन आल्या, स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या आणि मांडीवर टॉवेल पसरला.

"पाय इकडं कर."

"अहो आई, नको."

"तू आजारी आहेस आणि मी मोठी आहे. ऐकायचं कुणी कुणाचं?"

माझा पाय त्यांच्या मांडीवर गेला तेव्हा मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी छताकडेच बघत बसले. पण त्यांचं काम माझ्यासारखं नव्हतं. घासून झालं की डाळीच्या पिठानं सगळा काळेपणा काढायचा, एकेक बोट सोडवून, मग कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं टिपायचं. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी त्यांनी पिठानंतर लिंबाची फोड फिरवली, मग उठून चष्मा आणला, आणि माझा पाय दिव्याकडे वळवून बराच वेळ बघत राहिल्या.

"ही काजळी नाही," त्या म्हणाल्या. "बाकीचा पाय लख्ख निघाला. हा जागचा हलत नाही."

मी म्हटलं, तीळ असेल. त्यांनी विचारलं, कधीपासून आहे? मला सांगता येईना. एवढं बोलणारी मी, पण स्वतःच्या पायाबद्दल मला काहीही माहीत नव्हतं.

गावातल्या आमच्या डॉक्टरांनी बघितलं आणि घाईनं लिमरिकच्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली. तिथली डॉक्टर तरुण, लाल केसांची, अगदी मोजकं बोलणारी. तिनं भिंगातून ठिपका बघितला आणि सांगितलं की आमच्या रंगाच्या माणसांना वाटतं कातडीचा कॅन्सर हा गोऱ्यांचा आजार आहे, पण आमच्यात तो तळव्यांवर आणि नखांखाली लपून बसतो. हा तोच असेल असं नाही, पण काढून तपासावा लागेल. ठिपका काढला, टाके पडले, आणि निकालाची वाट बघायची एवढंच हातात राहिलं.

त्या दिवसांत मी प्रेसचं दार उघडलं नाही. तोंडाला सासूबाईंचं तेल लावायचे आणि आरशात बघायचे नाही. मी घाबरले होते, दुसरा शब्द नाही. नवरा दिवसातून दहा वेळा इथल्या लोकांसारखं ग्रँड होईल सगळं, म्हणजे ठीक होईल, म्हणायचा आणि गॅरेजमध्ये जाऊन नुसता उभा राहायचा. सासूबाईंनी तर स्वतःचे पाय घासणंही सोडलं. वाटी कुठेच दिसेना, मग एकदा त्यांची शाल काढायला गेले तेव्हा सूटकेसच्या तळाशी साडीत गुंडाळलेली सापडली. त्याच दिवशी स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता त्या माझ्याकडे न बघता बोलल्या.

"माझ्या वाटीनंच झालं का गं?"

आठ दिवस हा प्रश्न पोटात घेऊन ही बाई माझ्यासाठी भाकऱ्या करत होती. मी नाही म्हटलं, अजिबात नाही, पण माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसला नाही, आणि मला रडू आलं. हॉस्पिटलातून आल्यापासून अडवून धरलेलं सगळं निकाल यायच्या आधीच रडून घेतलं. तव्यावरची भाकरी करपली. त्यांनी ती उलटलीच नाही.

निकालाच्या दिवशी त्याही आल्या, नऊवारीवर माझ्या नवऱ्याचं जाकीट आणि पायात बूट. त्यांना बाहेर बाकावर बसवून आम्ही दोघं आत गेलो. डॉक्टर म्हणाली, होता तोच, पण अगदी वरच्या थरात होता, खाली उतरलेला नव्हता. आजूबाजूची थोडी कातडी अजून काढायची, मग ठरावीक दिवसांनी दाखवायला यायचं, बस. आणखी वर्ष गेलं असतं तर तिनं मला वेगळं काही सांगितलं असतं. जीव भांड्यात पडला. नवऱ्यानं माझा हात इतका जोरात दाबला की अंगठी रुतली.

मग तिनं विचारलं, ठिपका बघितला कुणी? मी दाराकडे बोट दाखवलं, आणि तिला वाटीची सगळी हकिगत सांगून विनंती केली की एकच वाक्य बाहेर येऊन सांग. ती आली. वाटीचा याच्याशी काही संबंध नाही, असं ती सासूबाईंना म्हणाली. मी ते एकही शब्द न गाळता मराठीत सांगितलं. सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले, डॉक्टरच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि मला म्हणाल्या, हिला विचार, ओठाला काही लावते की नाही, किती फुटलेत. पर्समधून त्यांची तुपाची डबी निघाली. डॉक्टरनं हसत बोट बुडवलं आणि तिथंच ओठांना लावलं.

चार दिवसांनी त्या सांगलीला परत गेल्या. वाटी माझ्याकडे ठेवून गेल्या, दुसरी तिकडं घेतली. आता बाटल्या तीनच उरल्यात. उरलेला वेळ मी सबंध अंगाकडे बघते, पाठीकडे नवरा बघतो.

दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल असतो. मी फोन टीपॉयवर टेकवते आणि सासूबाईंसमोर दोन्ही तळवे धरते. असं करणारी सून आमच्या अख्ख्या घराण्यात झाली नसेल. त्या चष्मा लावून बघतात, बोटं फाकवायला सांगतात, आणि मग हवापाण्याचं बोलणं सुरू होतं.

गेल्या रविवारी माझी तपासणी संपल्यावर मी म्हटलं, आई, आता तुमचे दाखवा. त्या हसल्या. म्हणाल्या, माझे कोण बघणार बाई आता. मी म्हटलं, मी बघणार. बरेच आढेवेढे घेतले, मग एकदाचे पाय वर आले. दोन्ही तळवे काळेकुट्ट, नुकतेच घासलेले.

"असं नाही चालणार. पिठानं धुऊन या, मी थांबते."

त्या गुडघ्यांवर हात टेकत उठल्या. मी रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले. दहा मिनिटांनी स्वच्छ धुतलेले, गुलाबीसर तळवे पडद्यावर आले. मी फोन डोळ्यांजवळ नेला आणि त्यांनी माझे बघितले होते तसेच, एकेक बोट करून बघितले. काही नव्हतं. पाय समोरच होते, म्हणून नमस्कारही करून घेतला.