क्लचवरचा पाय

नॉर्थ डाकोटातल्या त्या गावात ऑर्लिन टवाइटच्या गिअर बदलण्याला सगळे मान द्यायचे. बापाच्या जुन्या ट्रॅक्टरचा गिअर बदलायचा तर आधी पार थांबावं लागे. घाई केली की दातावर दात घासून अंगावर काटा येईल असा आवाज निघे. पुढचा ट्रॅक्टर चालता चालता गिअर बदलू देई, पण क्लच दाबावाच लागे. इंजिनाचा सूर जरा खाली आला की ऑर्लिनचा डावा पाय आपोआप क्लचवर जाई आणि दांडा लोण्यातून सुरी जावी तसा सरके.

मग एका शरदात तो गव्हाच्या कोठीच्या शिडीवरून पडला. जीव वाचला, डावा गुडघा मात्र कायमचा ताठ झाला. वसंतात शेजारच्या पेरण्या सुरू झाल्या आणि हा खिडकीशी कॉफी गार करत बसला.

शेजारच्या लॉरेनला राहवलं नाही. तो आपला नवा ट्रॅक्टरच पेरणीयंत्रासकट घेऊन आला.

"याला गिअरच्या पायऱ्याच नाहीत. दांडा पुढे ढकल, वेग आपसूक चढत जातो. जोर किती लावायचा ते त्याचं तोच बघतो."

"पायऱ्या नाहीत? मग हा ट्रॅक्टर की शिवणयंत्र?"

"चढतोस का म्हाताऱ्या, की अर्डिसला बसवू?"

बायकोचं नाव निघताच ऑर्लिन चढला. शेतातला उंचवटा आला, तसा त्याचा ताठ पाय नसलेला क्लच शोधू लागला. तोवर ट्रॅक्टरने सगळं सांभाळून घेतलंही होतं. मागे मातीत पेरणीचा तास दोरीसारखा सरळ उमटला. खाली उतरला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

"काय झालं रे?" अर्डिसने विचारलं.

"फार चांगला आहे. पण त्याला माझी गरजच नाही गं."

पुढच्या आठवड्यात अर्डिस त्याला ट्रॅक्टरच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने तेलाच्या दाबावर चालणारा छोटा ट्रॅक्टर दाखवला. उजव्या पायानेच पुढे-मागे जायचा. "अंगणातला बर्फ ढकलायला झकास," तो म्हणाला, "पण तुमचं पेरणीयंत्र ओढताना दमेल." कोपऱ्यात एक वापरलेला मोठा उभा होता. त्यात गिअर होते, पण चालता चालता नुसत्या बटणाने बदलणारे.

ऑर्लिनने तो आवारात फिरवला. बटण दाबलं, पाठीला बारीकसा धक्का बसला, इंजिनाचा सूर बदलला. तो कान देऊन थांबला, योग्य क्षणी पुन्हा दाबलं, आणि कित्येक महिन्यांनी मोठ्याने हसला.

"हा विचारतो बरं का मला!"

घरी आणल्यावर गोची कळली. पेरणीयंत्र जोडताना ट्रॅक्टर तसूतसूने मागे घ्यायचा, तर तिथे क्लच लागतच होता. मग अर्डिस वर बसली आणि ऑर्लिन मागे काठी टेकून हातवारे करू लागला.

"हळू! हळू म्हणतोय ना!"

"बोटभर तर सरकले!"

"कुणाच्या बोटभर? राक्षसाच्या?"

चौथ्या खेपेला जोडणीचा खिळा भोकात बसला. ती उतरली, तो ताठ पाय ओढत चढला.

त्या साली गावात सर्वांत शेवटी पेरणी त्यांचीच झाली. रविवारी चर्चबाहेर लॉरेनने विचारलं, "यंत्र जोडलं कुणी?"

ऑर्लिन तोंड उघडणार, त्याआधीच अर्डिस म्हणाली, "मी. आणि बोलणीही मीच खाल्ली."

"शिकेल हळूहळू," ऑर्लिन म्हणाला, आणि तिचा हात धरून गाडीकडे निघाला.