हात मागे जाईपर्यंत

नवरा गेला त्या सकाळी माझे केस मोकळे होते, आणि पुढे तेराव्यापर्यंत मोकळेच राहिले. भेटायला येणाऱ्या बायकांनी त्याचा अर्थ आपापल्या परीने लावला. एकीने ते हलक्या हाताने पाठीवर सारले. दुसरी दारातच थबकली आणि म्हणाली, "बघवत नाही गं." खरं तर कारण साधं होतं. माझा उजवा हात डोक्यामागे जात नव्हता, आणि रोज माझी वेणी घालणारा माणूस आता नव्हता.

खांदा आदल्या हिवाळ्यात दुखावला. आमच्या जोगेश्वरीच्या इमारतीत पाण्याची टाकी भरून वाहिली होती. ओल्या पायरीवरून पाय घसरला, मी कठडा घट्ट धरला आणि सगळा भार त्या एका हातावर आला. आधी नुसता ठणका होता. मग खांदा हळूहळू आखडत गेला. हाडांच्या डॉक्टरांनी 'फ्रोझन शोल्डर' असं नाव सांगितलं, व्यायाम दिले आणि म्हणाले, "आपोआप सुटतो बहुतेक वेळा. पण धीर धरावा लागेल." मी पुढून बटणं असलेले कुर्ते शिवून घेतले, वरच्या फळीवरची पुस्तकं डाव्या हाताने काढू लागले. केसांचं मात्र एका हाताने जमेना. ते कमरेपर्यंत होते.

नवरा ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाला होता. त्याने सुतळीचे तीन तुकडे खिडकीच्या गजाला बांधले आणि त्यांवर वेणी घालायला शिकला. "तुझ्या डोक्यावर प्रयोग नकोत," म्हणाला. चार-सहा दिवस सुतळीवर सराव करून मग माझ्या मागे उभा राहिला.

"डोकं सरळ धर."

"सरळच आहे."

"मग भिंत वाकडी असेल."

गुंता आला की केस मुळाशी मुठीत धरायचा आणि मगच कंगवा फिरवायचा, त्यामुळे ओढ बसत नसे. हे त्याला कोणी सांगितलं होतं, ते विचारायचं राहून गेलं. आषाढात एका पहाटे छातीत दुखतंय म्हणाला आणि रुग्णवाहिका येण्याआधी संपला.

तेराव्याचं जेवण आटोपल्यावर शेजारीण भांडी आवरायला थांबली होती. ती म्हणाली, "आता बांध गं केस. किती दिवस अशी बसणार?"

"हात जात नाही मागे."

ती बघतच राहिली. "म्हणजे खांद्यामुळे मोकळे आहेत? अगं, आणि आम्ही सगळ्या इथे तुझे केस बघून रडतोय!" तिने तोंडावर हात ठेवला. मला हसू आलं, तिलाही आलं. आतल्या खोलीतून सासूबाई बघायला आल्या, तेव्हा आम्ही दोघी ओट्याला टेकून हसत होतो. त्या दारातूनच परत गेल्या.

त्या दिवशी शेजारणीने माझी वेणी घातली, आणि पुढे रोज ऑफिसला निघण्याआधी घालू लागली. कधी तिला उशीर झाला की मी कंगवा हातात घेऊन तिच्या दाराशी उभी राहायचे. सासूबाईंचे हात थरथरतात, त्यांना जमण्यासारखं नव्हतं. बंगळुरूहून मुलगी फोनवर म्हणाली, "आई, कापून टाक ना सरळ. बॉबकट झकास दिसेल तुला." तिचं चुकीचं नव्हतं. माझ्याही मनात तेच होतं. पण फोन ठेवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "इतक्यात कापू नको गो."

त्या मालवणकडच्या. लहानपणी गावात शेजारच्या भटांच्या घरात त्यांनी केशवपन केलेली एक म्हातारी पाहिली होती. "डोक्यावरचो पदर कधी सरकाक दिल्यान नाय," एवढंच त्या म्हणाल्या. असल्या बायकांबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं, शाळेत शिक्षिका असताना वर्गात शिकवलंही होतं. ते सगळं आपल्याला लागू नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी नवरा गेल्यावर महिन्याभरात, हात चालत नाही म्हणून, केस कापवून घ्यायला खुर्चीत बसायचं हे माझ्याने होईना. मग उरलं एकच. हात मागे जायला हवा होता.

शेजारणीची कंबर अंधेरीच्या एका अॅक्युपंक्चरवाल्या डॉक्टरीणबाईंकडे बरी झाली होती. मला फारसा विश्वास नव्हता, तरी गेले. स्टेशनरीच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, पडद्यांनी वेगळे केलेले पलंग. डॉक्टर चाळिशीच्या असाव्यात. त्यांनी खांदा सगळ्या बाजूंनी हलवून पाहिला आणि म्हणाल्या, "हे बघा ताई, मी खांदा सोडवून देईन असं सांगत नाही. दुखणं कमी झालं की तुम्ही हात हलवाल, हलवलात तर सुटेल. आणि दुखलं की बोलायचं. सोसत बसायचं नाही."

सुया केसासारख्या बारीक होत्या. काही खांद्याभोवती टोचल्या, आणि एक लांब सुई डाव्या पायाच्या नडगीशेजारी. ती आत गेली तेव्हा दुखलं नाही, पोटरीत जडपणा पसरला. "आता उजवा हात वर न्या," त्या म्हणाल्या.

"खांद्यासाठी पायात?"

पलीकडच्या पडद्यामागून पुरुषाचा आवाज आला. "काकी, माझी टाच दुखते, मला मनगटात टोचलीय. आपली अदलाबदल झाली वाटतं."

"तुम्ही गप्प पडा हो," डॉक्टर म्हणाल्या. "हलू नका सांगितलं ना?"

"हललो कुठे? बोललो फक्त."

घरी हे सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "खांदो दुखता आणि सुई पायाक? त्या डॉक्टरणीक सांग, खांदो वर आसता."

पहिल्या खेपेला हात होता तिथेच राहिला. पण त्या आठवड्यात उजव्या कुशीवर वळले तरी झोप मोडली नाही. मी आठवड्यातून दोनदा जात राहिले आणि घरी भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम करत राहिले. तो नवरा असताना मी टाळत असे, आता टाळला नाही. श्रावण गेला, त्या वर्षी घरी गणपती आणला नाही, दिवाळीला कंदील लावला नाही. हात आधी कानापर्यंत पोचला, मग कपाळापर्यंत. सुयांनी किती काम केलं, व्यायामाने किती आणि नुसत्या दिवसांनी किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. डॉक्टरांनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "मलाही नाही येणार. तुम्ही येत राहा."

थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. सुया काढल्यावर त्या नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "मागे न्या बघू." हात गेला. बोटांना मानेवर शेजारणीने वेणीच्या मुळाशी बांधलेलं रबर लागलं.

"पोचला," मी म्हणाले.

पडद्यामागून टाळ्या वाजल्या. टाचवाले अजून येत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीकडे गेले नाही. खिडकीशी बसले आणि केस सोडले. गुंता आला तेव्हा नकळत केस मुळाशी मुठीत धरले. मग हात तिथेच थांबला, दुखत नसूनही. आता यापुढे हे माझं मीच करणार होते. सकाळी कोणाची वाट बघायला नको होती, आणि खांदा सुटावा म्हणून मी इतके महिने झटले ते यासाठीच. थोड्या वेळाने पेड घातले. दोनदा हात खाली आणून विसावा घ्यावा लागला.

सासूबाई चहाचा कप घेऊन आल्या. "कोणी गो घातल्यान वेणी?"

"मीच."

त्यांनी मागे जाऊन नीट पाहिली. "वाकडी झाली."

"भिंत वाकडी असेल," मी म्हणाले.

त्या पलंगावर बसल्या. मुलाच्या तोंडचं हे वाक्य त्यांनी आतल्या खोलीतून रोज ऐकलेलं असणार. कप मी त्यांच्या हातून घेतला. त्या म्हणाल्या, "आता मनात इला तर काप हो. आता माझा काय म्हणणा नाय."

अजून कापलेले नाहीत. उन्हाळ्यात बघू. गजाला सुतळी आहे, घर पुसणाऱ्या बाईंनी ती काढू का विचारलं, तर राहू दे म्हटलं.