रोटाची परात आणि मागची रांग

वृषालीबरोबर कामाला जायचं तर घरून पोटभर जेवून निघावं, हे मी ठेचा खाऊन शिकले आहे. लाइट मांडायला घेतले की तिला ना भूक लागते ना तहान, आणि आपल्यालाही लागू नये अशी तिची साधी अपेक्षा असते. मी रुची, जळगावात नवरीचा मेकअप करते. चेहरे मी रंगवते, उजळते ती. आमची जोडी अशी जमली आणि भांडणंही तिथूनच सुरू झाली.

ती भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढली. तिथल्या निंबा नानांच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो कापता कापता कॅमेरा शिकली. नानांनी दुकान बंद केलं तेव्हा त्यांचे पेटीएवढे दोन जुने फ्लॅश तिने मेहरूणच्या आपल्या स्टुडिओत आणले. जोडीला दोन नवे घेतले. नव्यांची गोष्ट सोपी: कॅमेऱ्यावर ट्रिगर बसवायचा, बटण दाबलं की त्याचा इशारा त्यांना बिनतारी पोचतो. जुन्यांना ते कळत नाही. त्यांच्या पाठीवर फक्त काचेचा एक डोळा आहे. दुसरा फ्लॅश उडालेला त्या डोळ्याला दिसला, की त्याच क्षणी तेही उडतात. थोडक्यात, नव्यांनी ऐकायचं आणि जुन्यांनी बघायचं. चार जावा एका चुलीवर नांदवायच्या म्हणतात तसलं हे काम. मी तिला दहादा सांगितलं, भंगारात काढ ती धुडं. ती ऐकेल तर शपथ. उलट त्यांच्याशी बोलते, पुसताना त्यांना नाना म्हणते.

गेल्या श्रावणात धुळ्याच्या चुडामण आबांनी तिला कानबाईला, म्हणजे आमच्याकडच्या देवीच्या सणाला, घरच्यांचा फोटो काढायला बोलावलं. कानबाई बसली की खानदेशी माणूस असेल तिथून घरी येतो. रविवारी रोटांचा नैवेद्य, रात्रभर गाणी, सोमवारी सकाळी विसर्जन, आणि दुपारी जो तो आपापली बस पकडतो. बठ्ठी भाऊबंदकी, म्हणजे सगळे भाऊबंद, एका छपराखाली सापडते ती तेवढ्यापुरतीच.

आबांची अट एकच होती. मागच्या वर्षी कुणीतरी एकाच फ्लॅशवर फोटो काढला होता. पुढच्या रांगा लख्ख आणि मागची रांग अंधारात बुडालेली. त्या रांगेत खांबाजवळ आबांचा धाकटा भाऊ वाल्मीक उभा होता. पौषात तो गेला. फोटोत त्याच्या टोपीची कड तेवढी ओळखू येते.

"मन्हा भाऊ त्या फोटोमा शे, पन दिखत नही," आबा वृषालीला म्हणाले. "औंदा बठ्ठासना तोंडं दिखाले पाहिजेत."

वृषालीने नुसती मान हलवली. एरवी तिचं तोंड बंद होत नाही, म्हणून मी ओळखलं, हिने हे मनावर घेतलं.

सोमवारी सकाळी आम्ही दोघी त्या घरात पोचलो. हॉल लांबट, छत बुटकं, मध्ये जाडजूड खांब. ती आधी मागच्या रांगेच्या जागी जाऊन उभी राहिली. हे ती प्रत्येक घरात करते. तिथून उजेड कुठून येईल ते बघते आणि मग लाइट मांडते. नवे दोन पुढे लागले, जुना एक उजव्या बाजूला. दुसरा जुना मात्र खांबामागेच बसत होता, एका बाजूला खांब आणि दुसऱ्या बाजूला कानबाईचे केळीचे खांब. बसलेली कानबाई विसर्जनापर्यंत हलवत नाहीत, तेव्हा तो लाइट तरी कुठे हलणार.

सगळे उभे राहिले. तिने बटण दाबलं. तीन उडाले, चौथा ढिम्म. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. त्याच्या डोळ्याला खांबाआडून काही दिसतच नव्हतं. आणि चौथा उडाला नाही तर मागची रांग पुन्हा अंधारात. तेवढ्यात सुरतेहून आलेल्या योगराजने हौसेने आपल्या कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकवला, त्यासरशी उजवीकडचा जुना उगाच उडाला आणि पुन्हा भरायला त्याने निवांत वेळ घेतला. मी योगराजचा कॅमेरा काढून माझ्या मेकअपच्या पेटीत टाकला. तो रागावला. रागावू दे.

दारात वाजंत्रीवाले खोळंबले होते. बाया फुगड्यांसाठी पदर खोचून तयार होत्या. वृषाली नखं खात खांबाकडे बघत होती.

वाल्मीकची बायको कलाबाई फोटोला बसायला तयारच नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात ती रोटाची पितळी परात चिंचेने घासत बसली होती. तिने परात उलटी करून कपड्याने पुसली, तसा दारातल्या उन्हाचा कवडसा छतावरून सरकत खांबामागे गेला.

वृषाली किंचाळलीच, "परात!"

पुढच्या फ्लॅशचा उजेड त्या कवडशासारखाच परातीवरून चौथ्याच्या डोळ्यापर्यंत पोचवता येणार होता. ती परातीकडे धावली. चार बायांनी तिला वाटेतच अडवलं. त्या घरची रीत अशी की रोट भाऊबंदकीबाहेर जात नाही आणि रोटाच्या परातीला बाहेरचा हात लागत नाही. म्हणजे घरच्याच कुणीतरी धरायची. परात कलाबाईच्या ताब्यातली, दुसऱ्या कुणाला ती देईना. शेवटी, समोर जेठ म्हणजे थोरले दीर आबा होते म्हणून, डोक्यावरचा पदर पार हनुवटीपर्यंत ओढून ती पुढच्या रांगेच्या टोकाला येऊन बसली. माझी आई आजही माझ्या मोठ्या काकांसमोर असाच घुंगट ओढते, त्यामुळे मला ते नवं नव्हतं.

वृषालीने लांबूनच हाताने सांगत परात वळवून घेतली. जराशी डावीकडे, जराशी वर. बटण दाबलं. फट्! चारही एकदम. खांबामागून असा उजेड आला की मी ओरडले, पोरं ओरडली, योगराजही राग विसरून ओरडला. मी त्या जुन्या धुडाला मनातल्या मनात हात जोडले.

मग खरा फोटो. वृषालीने स्क्रीन बघितली आणि तिचा चेहरा पडला. मी डोकावले. मागची रांग कशी स्वच्छ, एकेक मिशी मोजून घ्यावी. पण पुढच्या टोकाला कलाबाईच्या चेहऱ्याच्या जागी नुसती परात. तिने ती मुद्दामच तोंडासमोर धरली होती.

"काकू, परात छातीशी घ्या ना," वृषाली म्हणाली.

"मन्हं तोंड काय करनं शे? फोटो व्हई गया ना तुम्हना," कलाबाई परातीआडून म्हणाली.

वाजंत्रीवाल्याने एक ठोका मारून घाई केली. बायका उठायला लागल्या. मला वाटलं, झालं, आता कानबाई उचलणार. तेव्हा चुडामण आबा रांगेतच वळले. त्या घरात जेठ धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाही, निरोप मुलाकडून देतो. आबा थेट बोलले.

"तेजसनी माय, परात खाले कर. मी बठ्ठासना तोंडं म्हंतं. त्यामा तू बी शे."

उठलेल्या बायका जागच्या जागी बसल्या. परात हळूहळू खाली आली. पदरही कपाळापर्यंत मागे गेला. तिचे डोळे भरलेले होते आणि माझेही. वृषालीने परात पुन्हा दोन बोटं वळवून घेतली, आणि चारही लाइट एका दमात उडाले.

आबांनी स्क्रीनवर मागची रांग मोठी करायला लावली आणि एकेक चेहऱ्यावर थांबत खांबापर्यंत आले. तिथे कलाबाईचा मुलगा तेजस उभा होता, बापाच्याच जागेवर. आबांनी कॅमेरा कलाबाईसमोर धरायला सांगितला. तिने डोळे बारीक करून पाहिलं.

"तेजसना कान बठ्ठा बापनाच शेतस," ती म्हणाली.

आबा हसले. आणि कलाबाईही पदर न ओढता, त्यांच्याकडे बघून हसली.