विलासची शेवटची रायफल

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी जयसिंगपूरला लग्नाच्या पंगतीत बसलो होतो. ताटात जिलेबी होती, आणि फोन ठेवून मी ती खाऊन संपवली... दुसरं काय करावं ते सुचलंच नाही. त्याला आता महिना होईल. ती जिलेबी अजून घशाखाली उतरलेली नाही.

उद्यमनगरात त्याचं बंदुका दुरुस्तीचं परवान्याचं दुकान होतं. मी चित्रकलेचा मास्तर, त्याला सुट्या भागांची ड्रॉइंग काढून द्यायचो. साठीनंतर त्याचे हात थरथरू लागले आणि या बहाद्दरानं तेव्हाच ठरवलं, कुठल्या कारखान्यात होत नाही अशी रायफल करायची. एका वेळी एकच गोळी घेणारी, आणि ती गोळी जोंधळ्याच्या दाण्याएवढीच जाड. असलं काडतूस विकत मिळत नाही. मोठ्या काडतुसाच्या पितळी पुंगळीचा गळा आवळून आपणच बनवायचं. "दुकानात मिळतंय त्या मापाची कर की," मी वैतागून म्हणायचो.

"ती कुणीबी करतंय, मास्तर. हात हायत तवर माझ्या मापाची एक होऊ दे. एक बार ऐकला की बास."

परवानग्यांसकट तीन वर्षं गेली. शेवटी नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायचं घर त्यानं कोरलं, आरशासारखं घासलं. दसरा झाला की चाचणी. पण खंडेनवमीलाच तो तापानं दवाखान्यात. तिथून फोन, "मास्तर, हत्यारांची पूजा तेवढी चुकवू नगंस."

नाही चुकवली. उलट मास्तरकी दाखवली. रायफल उघडी ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि त्या चकचकीत घरात ओला झेंडू खोचला. दिसतही छान होता! पुजलेल्या हत्याराला मालकाआधी हात कोण लावणार? पाच दिवस तो तसाच राहिला.

विलासनं येऊन फूल काढलं, आत बॅटरी मारली. गंजानं आत खड्डे पाडले होते. आता बार उडाला तर पुंगळी आतच चिकटणार. नळी कापून घर नव्यानं कोरायला हवं होतं, आणि त्याच्या हातात तोवर चहाचा कपही ठरत नव्हता. "झेंडू लई ताजा होता, मास्तर," एवढंच म्हणाला. चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. पुढे तो विषय त्यानं कधी काढला नाही, रायफलही परत हातात घेतली नाही.

गेल्या आठवड्यात ती जमा करायला वहिनींबरोबर पोलीस ठाण्यात गेलो.

"बिघाड काय हाय का?" हवालदारानं विचारलं.

"हाय. मी केलाय," मी म्हणालो, आणि झेंडूचं सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे गंज. गंज लिवतो."

"तुम्ही?" वहिनी म्हणाल्या. "अवो, ते तर शेवटपर्यंत म्हणत हुते, माझंच माप चुकलं."